धुक्यात चाक आदळलं: टायर, रिम आणि सस्पेन्शनची दुरुस्ती कोणत्या क्रमानं करावी

गेल्या वर्षी जानेवारीत मेहुण्याच्या साखरपुड्याला आम्ही पहाटे चारला मुलुंडहून निघालो. कसारा घाट चढेपर्यंत रस्ता मोकळा होता. वर इगतपुरीच्या अंगाला धुकं असं दाटलं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेही अगदी जवळ गेल्यावरच दिसत होते. एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं आणि प्लॅस्टिकची पिंपं मांडून गाड्या डावीकडे वळवल्या होत्या. पिंप दिसलं तसं मी स्टेअरिंग डावीकडे घेतलं आणि पुढचं डावं चाक मोरीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर आदळलं. वेग चाळीस-पंचेचाळीसच असेल, पण मागे झोपलेली मुलगी दचकून उठून बसली.

टायर बसला होता, अलॉय रिमची कड दुमडली होती. स्टेपनी चढवली, साखरपुडा गाठला आणि रात्री त्याच गाडीनं मुंबईला परतलो. वाटेत स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी नवा टायर घेतला, रिमचा बेंड काढून घेतला आणि व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घेतलं. "टो बरोबर आलाय, गाडी सरळ जाते," असं सांगून तिथल्या माणसानं पैसे घेतले. दीड महिन्यानं आमच्या मिस्त्रींनी दुसऱ्याच कामासाठी गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. म्हणाले, "दादा, टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवा." बाहेरची नक्षी नव्यासारखी होती. आतल्या कडेला रबर संपलं होतं आणि बोटाला तार टोचली. वर टॉर्च मारला तर लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, वाकलेला आणि त्याचा मागचा रबरी बुश फाटलेला. त्या टायरवर मुलीला मागे बसवून मी रोज ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं ऐंशीच्या वेगानं जात होतो.

तेव्हापासून हा विषय मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून नीट शिकलो. इथे लिहितोय तो त्या शिकण्याचा क्रम. पावसाळ्यात खड्ड्यात चाक आपटलं तरी हाच क्रम लागू पडतो. पण हिवाळ्यातल्या आपटण्यात एक वेगळी गोष्ट असते, ती आधी सांगतो.

हवा. मुंबईत दुपारी बत्तीस अंश तापमानात, गाडी चालवून तापलेल्या टायरमध्ये तुम्ही ३३ पीएसआय भरता. टायर थंड झाला की त्यातले तीन-चार कमी होतात. पहाटे इगतपुरीला बारा अंशांचा गारठा असेल तर आणखी तीन जातात, कारण तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. म्हणजे कट्ट्यावर आदळणाऱ्या टायरमध्ये प्रत्यक्षात २६-२७ च हवा असते. असा टायर धक्क्यानं पुरता चेपतो आणि कट्टा व रिम यांच्या चिमट्यात सापडतो. टायरच्या बाजूला दोन समांतर कट दिसले तर हेच झालं असं समजा. लांब जाताना हवा पहाटे, टायर गार असताना तपासावी आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा पाळावा.

धक्का कुठून कुठे जातो

टायर धक्का घेतो, तो रिमला देतो. रिममागे हब आणि त्याचं बेअरिंग. बेअरिंग ज्यात बसतं तो ओतीव लोखंडाचा तुकडा म्हणजे नकल. नकलला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: खालून बॉल जॉइंटनं लोअर आर्म, वरून शॉकॲब्सॉर्बरचा स्ट्रट आणि बाजूनं स्टेअरिंगचा टाय रॉड. लोअर आर्म पुढे क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या चौकटीला, तर स्ट्रट वर बॉनेटखाली बॉडीला टेकतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन असंच, मॅकफर्सन पद्धतीचं असतं. धक्का या साखळीतून आत जातो आणि जिथे त्याला सर्वांत कमजोर कडी मिळते तिथे नुकसान करून थांबतो. बाहेर रिम वाकलेली दिसली म्हणजे सगळा धक्का तिनंच घेतला, असं मानायला काहीच आधार नसतो.

म्हणून तपासणी बाहेरून आत करायची आणि दुरुस्ती आतून बाहेर. आधी क्रॉस मेंबर, मग आर्म, स्ट्रट आणि टाय रॉड, मग बेअरिंग, मग रिम आणि टायर, त्यानंतर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अगदी शेवटी अलाइनमेंट. मी आतले भाग न बघताच टायर, रिम आणि अलाइनमेंट करून घेतलं आणि एका नव्या टायरचे पैसे घालवले.

जागेवरची पहिली पंधरा मिनिटं

हजार्ड लाइट लावा आणि गाडी जमेल तितकी कडेला घ्या. मग सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. धुक्यात थांबलेल्या गाडीत बसून राहणं सर्वांत धोक्याचं, कारण मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. लाल त्रिकोण गाडीच्या मागे पन्नास पावलांच्या पुढे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुणाला लागलं असेल तर १०८ किंवा ११२.

मग मोबाइलनं फोटो काढा: ज्यावर आदळलात तो कट्टा, चाक जवळून, गाडी आणि रस्ता एकत्र दिसेल असा लांबून एक, नंबर प्लेट आणि मीटरवरचे किलोमीटर. विम्यासाठी हे लागतात, आणि गॅरेजवाल्यालाही धक्का कोणत्या कोनातून आला ते कळतं.

आता टॉर्च घेऊन वाका. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑइल किंवा शॉकॲब्सॉर्बरचं तेल असू शकतं. गाडीखाली काळं ऑइल किंवा हिरवं-गुलाबी कूलंट गळतंय का ते बघा. ब्रेक पेडल दाबून बघा. पाय नेहमीपेक्षा खाली गेला तर गाडी जागची हलवायची नाही.

यानंतरची तपासणी हाताच्या बोटांनी होते आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. स्टेअरिंग सरळ करा. धडधाकट बाजूच्या पुढच्या चाकाजवळ बसा आणि टायरची मागची कड व मडगार्डची मागची कड यांच्यामध्ये बोटं आडवी घाला. समजा चार बोटं मावली. आता आपटलेल्या बाजूला तेच करा. तिथे दोनच बोटं मावली तर चाक मागे ढकललं गेलंय, म्हणजे लोअर आर्म वाकलाय किंवा क्रॉस मेंबर सरकलाय. मग समोर आठ-दहा पावलांवर उभं राहून दोन्ही पुढची चाकं बघा. एक चाक वरून आत झुकलेलं दिसलं तर स्ट्रट किंवा नकल वाकला असण्याची शक्यता मोठी. माझ्या गाडीला त्या पहाटे हा फरक एका बोटाचा तरी असणार. बघायचं सुचलं असतं तर तिथेच कळलं असतं.

बोटाभराचा फरक, तिरकं चाक, सरळ जाताना वाकडं धरावं लागणारं स्टेअरिंग, रिमला तडा, चाक घासल्याचा आवाज, ब्रेकमध्ये बदल: यांतलं एक जरी असलं तरी गाडी ओढून न्यायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचंच चाक दुखावलं असेल तर ती चारही चाकं वर घेणाऱ्या टोइंग गाडीवर चढवायला सांगा. यांतलं काहीच नसेल आणि फक्त टायर गेला असेल तर स्टेपनी लावून निघा. स्टेपनी मूळ टायरपेक्षा अरुंद असेल तर तिच्या बाजूवर छापलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ८० असते. आणि ती जवळच्या टायरवाल्यापर्यंत पोचण्यापुरतीच असते.

खोलण्याआधी विम्याचा हिशेब

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचं काही मिळत नाही, हा भाग सोडून पुढे जा. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तर गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवा, कारण सर्व्हेअरला नुकसान जागच्या जागी बघायचं असतं. आणि आपटल्यानंतर तशीच चालवून नुकसान वाढवलं तर ते वाढीव नुकसान कंपनी नाकारू शकते.

नियम माहीत असले की हिशेब सोपा जातो. एकट्या टायरचं नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही. टायरबरोबर गाडीच्याही भागांचं नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के मिळतात. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के असतो. त्यावर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये सक्तीचे स्वतःचे भरायचे.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के बोनस आहे, म्हणजे तुम्ही ६,००० भरता. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे १२,०००. मग २०, २५, ३५, ४५ टक्के अशा पायऱ्या चढत पाच वर्षांनी पुन्हा ५० टक्क्यांवर येता. दरवर्षीचे जादा पैसे मिळवा: ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६०० = १५,०००. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरी घसारा वजा जाऊन कंपनीकडून दहा-बारा हजार मिळणार असतील तर अशा वेळी क्लेम न केलेला बरा. स्ट्रट, नकल, आर्म, दोन रिम असा मोठा खर्च असेल तर मात्र जरूर करा. बोनस सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर हा प्रश्न बहुधा येत नाही.

चाक काढून तपासणी

हे गॅरेजच्या लिफ्टवर करावं. स्टॅक पार्किंगमध्ये किंवा सोसायटीच्या उतारावर नुसत्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली जाऊ नका. घरी करणारच असाल तर सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड आणि जॅकच्या जोडीला बॉडीखाली भक्कम स्टँड, याशिवाय नको.

गाडी उचलल्यावर चाक काढण्याआधी ते हलवून बघायचं. एक हात वर, एक खाली धरून आतबाहेर हलवा. खडखड जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग हात डावीकडे-उजवीकडे ठेवून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे टाय रॉडच्या बाहेरच्या किंवा आतल्या टोकाचा सांधा. त्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी आतून टॉर्च मारून कोणता सांधा हलतो ते बघायला सांगा. मग चाक हातानं फिरवा. घरघर आली तर बेअरिंग गेलं. फिरवताना रिमच्या कडेजवळ पेचकस स्थिर धरला की डोल दिसतो. अलॉयचा डोल एक मिलिमीटरच्या आत हवा.

चाक काढल्यावर दुसऱ्या बाजूचंही काढायचं. वाकलेला भाग एकटा बघितला तर सरळच वाटतो, जोडीचा बघितला की फरक उठून दिसतो. लोअर आर्मवर रंगाला बारीक तडे गेलेत का, पत्र्याला सुरकुती पडलीय का ते बघा. धातू वाकला की आधी रंग सोलतो. बुशच्या रबरात चीर गेलीय का ते पेचकसानं हळूच उचकटून बघा. क्रॉस मेंबरच्या बोल्टभोवती बघा: वॉशरच्या कडेला चंद्रकोरीसारखी चकचकीत, धूळ नसलेली पट्टी दिसली तर क्रॉस मेंबर जागचा सरकला आहे. आमच्या मिस्त्रींनी माझ्या गाडीला आधी हेच बघितलं. पट्टी नव्हती, तेव्हा ते म्हणाले, "चला, आर्मवर भागलं."

स्ट्रटवर तेल ओघळलंय का, आणि टायर व स्ट्रट यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का ते पाहा. एक्सलचा रबर बूट, ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि लिंक रॉड यांच्यावर नजर टाका. डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला घासत असेल तर भयंकर किरकिर येते, पण तो हातानं सरळ होतो. तेवढ्यासाठी कुणी बेअरिंग बदलायला लावलं तर थांबा.

मागचं चाक आदळलं असेल तर गोष्ट वेगळी. छोट्या गाड्यांना मागे एकसंध ॲक्सल बीम असतो आणि त्याला सहसा ॲडजस्टमेंट नसते. तो वाकला तर बदलावा लागतो.

टायर

बाजूला फुगा आला असेल तर त्या टायरला दुरुस्ती नाही. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले आणि हवा नुसत्या रबरावर रेलली आहे. तो कधीही फुटू शकतो. फुगा लगेच न येता एक-दोन दिवसांनीही येतो, आणि पुष्कळदा आतल्या बाजूला येतो, जिथे उभं राहून दिसत नाही. म्हणून आपटलेला टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवायचा. सुरकुती, काळी भुकटी किंवा खरचटलेली रेघ लागली तर तो बाद. बाजूला पॅच किंवा जेल भरून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पॅच चालतो तो फक्त मधल्या नक्षीत, बारीक खिळ्याच्या भोकाला.

नवा टायर त्याच मापाचा घ्या, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५, आणि त्यापुढचे भार व वेगाचे सांकेतिक आकडे मूळ टायरपेक्षा कमी नकोत. बाजूवर चार आकडी तारीख असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. जोडीचा जुना टायर अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर दोन्ही बदला. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानंच बाद होतो.

रिम

साध्या लोखंडी रिमची कड किंचित वाकली असेल तर ती ठोकून सरळ होते आणि वर्षानुवर्षं चालते. ती बदलावी लागली तरी स्वस्त असते.

अलॉयचं तसं नाही. अलॉय ओतून, मग भट्टीत तापवून कणखर केलेलं असतं. रस्त्यावरचा कारागीर गॅसच्या ज्योतीनं लाल करून ठोकतो तेव्हा ती कणखरता त्या जागी निघून जाते, आणि पुढच्या खड्ड्यात तीच जागा वाकते किंवा तडकते. कडेचा छोटा बेंड हायड्रॉलिक प्रेसवर, कमी उष्णतेत, डायल गेज (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) लावून काढणारी दुकानं मुंबईत आहेत. तिथेच जा आणि काम होताना समोर उभे राहा. बेंड आऱ्यांपर्यंत पोचला असेल किंवा कुठेही तडा असेल तर रिम भंगारात. तडा वेल्डिंग करून देतात आणि वरून रंग मारला की दिसतही नाही. पण ती रिम तुमच्या घरच्या माणसांखाली फिरणार आहे. तडा आहे की नुसता ओरखडा, अशी शंका असेल तर लाल डाय लावून बघणारी चाचणी करून घ्या. डाय पुसल्यावर तड्यातून लाल रेघ परत वर येते.

जुनी एकच रिम हवी असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळू शकते. जाताना तुमची रिम सोबत न्या. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: नटांची संख्या आणि वर्तुळ, म्हणजे ४×१०० सारखा आकडा, रुंदी, मागे ईटी लिहिलेला ऑफसेट (हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती बाजूला आहे तो आकडा), आणि मधल्या भोकाचं माप. मधलं भोक मोठं असेल तर चाक हबवर नीट मध्यावर बसत नाही आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. विकत घेण्याआधी रिम मशीनवर फिरवून दाखवायला सांगा.

आतले भाग बदलताना

वाकलेला लोअर आर्म, टाय रॉड किंवा नकल तापवून सरळ करायचा नाही, बदलायचा. स्टेअरिंग आणि चाक ज्या भागांवर तोललेले असतात त्यांत काटकसर करू नये, हे माझं ठाम मत आहे. नकल ओतीव असल्यानं वाकलेला सहज दिसत नाही. त्याची खूण अलाइनमेंटच्या आकड्यांत सापडते, ते खाली येईल.

सुटे भाग कंपनीचे किंवा त्या भागाच्या नावाजलेल्या उत्पादकाचे घ्या: शॉकॲब्सॉर्बर गॅब्रिएलचा, बेअरिंग एसकेएफचं, टाय रॉड राणेचा, अशी नावं ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सगळ्यांना ठाऊक आहेत. बिल जरूर घ्या आणि जुना भाग परत मागा. स्ट्रट एक वाकला आणि गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालली असेल तर दोन्ही बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला मऊ पडलेला असेल तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे झुकते. स्प्रिंग दाबून काढण्याचं काम नेहमी स्प्रिंग कॉम्प्रेसरवर, अनुभवी हातांनीच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

कामातली एक बारीक गोष्ट पुष्कळ गॅरेजांत चुकते, म्हणून ती सविस्तर सांगतो. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी त्याच स्थितीत घट्ट होते. गाडी लिफ्टवर असताना चाक खाली लोंबत असतं आणि आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हाच बोल्ट पुरता आवळला तर गाडी जमिनीवर टेकताच आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा नवा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो आणि मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. बरोबर पद्धत अशी: बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मखाली जॅक देऊन तो चालण्याच्या उंचीवर आणायचा आणि मगच पुरते आवळायचे. आमच्या मिस्त्रींनी गाडी उतरवली, बॉनेटवर हात ठेवून दोनदा दाबून बसवली आणि मग खाली सरकून टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याचा, खट् आवाज येईपर्यंत आवळलं. तुमच्या गॅरेजवाल्याला हे आधीच विचारा. प्रश्नावरूनच तो ओळखेल की गाडीमालक लक्ष देऊन आहे.

एक्सलचा मोठा नट, सेल्फ लॉकिंग नट आणि स्प्लिट पिन पुन्हा जुन्याच लावू नयेत. नवीन घेतले तर फार खर्च होत नाही.

अलाइनमेंट

आता कुठे अलाइनमेंटची पाळी. चारही टायरमध्ये हवा सारखी, स्टेअरिंग मध्यावर लॉक केलेलं आणि गाडी दोन-तीनदा दाबून सोडलेली हवी. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागा. "प्रिंटर बंद आहे" असं ऐकलं तर दुसरीकडे जा.

कागदावर तीन शब्द महत्त्वाचे. टो म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय. कॅस्टर म्हणजे बाजूनं बघताना स्टेअरिंगचा अक्ष किती मागे झुकलाय. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत यांपैकी फक्त टो बदलता येतो. बाकीचे दोन चुकीचे आले तर मशीनवाल्याच्या हातात काही नसतं, ते आकडे म्हणजे कुठेतरी भाग वाकल्याची खबर असते. माझ्या पहिल्या कागदावर टो हिरवा होता, पण डाव्या कॅम्बरच्या चौकटीत लाल आकडा होता. त्याबद्दल मला कुणी सांगितलं नाही आणि मीही वाचला नाही. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर गाडी परत लिफ्टवर घ्यायला सांगा.

चांगल्या मशीनवर एसएआय हा आकडाही मिळतो, म्हणजे समोरून बघताना स्टेअरिंगच्या अक्षाचा कल. एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज करून दोन्ही बाजूंची तुलना करा. बेरीज सारखी, पण दोन्ही सुटे आकडे बिघडलेले असतील तर आर्म वाकलाय, क्रॉस मेंबर सरकलाय किंवा स्ट्रट जिथे वर टेकतो ती बॉडी हलली आहे. बेरीजच वेगळी येत असेल तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय. एवढ्या एका बेरजेनं गॅरेजमधला अंदाजपंचे खर्च वाचतो.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत यानंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरनं शून्यावर आणावा लागतो. समोर कॅमेरा आणि रडार असलेल्या गाड्यांचं कॅलिब्रेशन लागतं का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

रस्त्यावर चाचणी

रविवारी सकाळी सहाला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे बऱ्यापैकी मोकळा असतो. आधी सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून अगदी हळू: टकटक आली तर लिंक रॉड किंवा स्ट्रटचा वरचा माउंट. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा: कटकट आली तर एक्सल जॉइंट. मग हायवेवर ४०, ६०, ८०. स्टेअरिंग हलक्या हातानं धरून गाडी सरळ जाते का आणि स्टेअरिंगचा मध्य सरळ राहतो का ते बघा. रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं चालेल. थरथर स्टेअरिंगमध्ये आली तर पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग किंवा रिम, सीटखाली आली तर मागचं चाक. वेगासोबत वाढणारी आणि वळणावर बदलणारी घुमघुम म्हणजे बेअरिंग. मागे कुणी नाही बघून एकदा जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला खेचू नये.

चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क रेंचनं आवळून घ्या. छोट्या गाड्यांना हा टॉर्क साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. हजार किलोमीटरनंतर टायरच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा आणि अलाइनमेंट पुन्हा मोजा. दोन्ही वेळचे कागद मी आता डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या शेजारी ठेवतो. परवा नाशिकला निघण्याआधी पहाटे गार टायरमध्ये हवा मोजली, तेव्हा मुलगी टॉर्च धरून उभी होती.